जावईबापूंचं धूड

दीपाच्या बाबांना सप्रेम नमस्कार.

महाराजांच्या कृपेने दीपाची तब्येत छान आहे, बाळही पोटात खेळतं. काळजी नसावी.

फोनवर बोलता येत नाही, जावईबापू बाजूलाच असतात, म्हणून लिहिते. इकडे अमेरिकेत चांगली छोटी गाडी विकून त्यांनी पन्नास वर्षं जुना पिकअप घेतला! लिटरला जेमतेम पाच किलोमीटर जातो. आपल्या बाभुळगावच्या गोविंदाचा मालऑटो याहून शहाणा.

"आई, इंजिनचा आवाज तर ऐका!" म्हणतात.

"ऐकून राह्यली ना, जावईबापू. पेट्रोल पिऊन ढेकर देऊन राह्यलं ते."

रविवारी देवळात चला म्हणाले. एवढं पेट्रोल जाळून दर्शनाला गेले तर महाराजच रागावतील. मी घरीच पोथी वाचली.

तुम्ही बीपीची गोळी घेता ना? कोकिळा डबा वेळेवर देते का?

दवाखाना साठ किलोमीटरवर आहे आणि दीपाचे दिवस भरत आले. गेल्या आठवड्यात मीच जावईबापूंना म्हटलं, "टाकी काठोकाठ भरून आणा, पैसे मी देते." त्या धुडाचा पेट्रोलचा काटाही बंद आहे. म्हणून रोज सांजेला देवाजवळ दिवा लावला की टाकीत लांब काठी बुडवून पेट्रोल कुठवर आहे ते मीच पाहून येते.

घरच्या देवाला रोज एक फूल वाहा.

तुमची,
दीपाची आई