तळव्यावरचा आशीर्वाद

४ जून १९९७
आले एकदाची! दवाखान्यामागे खोली, खिडकीतून चहाचे मळे, ढग हटले तर किरिन्यागा शिखरावरचा बर्फ. आमच्या घरात शिकलेली मीच पहिली. पहिल्याच नोकरीत चूक नको. शेजारच्या मामा न्जोकींनी, म्हणजे सगळ्या गावाच्या आईने, मका-घेवड्याच्या गिथेरीचं भांडं आणून दिलं. म्हणाल्या, "खा गं न्यावीरा. वाऱ्याने उडालीस तर आम्हाला सुया कोण टोचणार?"

९ जून
वरच्या वस्तीतल्या शोशो गाचोकींचा, सगळ्यांच्या आजीचा, रक्तदाब तपासला. वयाचा रकाना रिकामाच राहिला. त्यांची पणती म्हातारी होऊन वारली, असं मामा न्जोकी सांगतात. लोक त्यांच्या दारात हात पाठीमागे बांधून उभे राहतात. एवढ्या थोर बाईशी असं वागायचं? मलाच लाज वाटली.

११ जून
निघताना शोशोंनी विचारलं, आशीर्वाद घेशील का. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे आईने शिकवलंय. मी तळवा पुढे केला. शोशो जुन्या रीतीप्रमाणे त्यावर थुंकल्या आणि म्हणाल्या, "माझ्याएवढी जग." मग हसल्या, एखाद्या सुटलेल्या पोरीसारख्या.

१२ जून
शोशो पहाटे गेल्या. मामा न्जोकींनी माझा हात धरला आणि चटका बसावा तसा सोडला. "अगं वेडे, सगळा गाव हात का लपवत होता? तो आशीर्वाद कुणी घेतल्याशिवाय म्हातारीला मरण नव्हतं!" अडाणीपणा सगळा. तळवा मात्र साबणाने तीनदा धुतला.

३० ऑगस्ट २०७९
थोरल्याला पुरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. खड्ड्यापाशी सून कुजबुजली, "आई पोरांची वर्षं खाते." मी खात नाही. मी फक्त उरते—

२ मे २१३४
नातवंडंही संपली. आईचा चेहरा आठवत नाही. काळीज दोनदा थांबलं, पुन्हा सुरू झालं. लोक दारात हात पाठीमागे बांधतात. बरं करतात. मी हे कुणाला देणार नाही. कुणालाच—

तारीख ठाऊक नाही
दवाखान्यात नवी मुलगी आलीय. घरात शिकलेली पहिलीच, म्हणाली. वयाचा रकाना रिकामा ठेवला. निघताना तिनेच तळवा पुढे केला. "शोशो, आशीर्वाद द्या ना." मी ओठ मिटून तोंड फिरवलं. काही चुकलं का माझं, विचारत राहिली बिचारी. उद्या येते म्हणाली—

दुसरा दिवस
फाटक वाजलं. तीच—
तोंडात थुंकी जमते. गिळते. परत जमते—
हात पुढे. किती कोवळा—
नाही म्हणायचंय. नक्की म्हणणार. तेवढ्यापुरतं फक्त तोंड उघ—