बाप खोडला, लेक गेली

१२ जून
लिही निशे, जसं बोलते तसंच. मला अक्षर येत नाही म्हणून गाळू नको. शेजारच्या शिंदेबाईंकडून वाचून घेणार हाय. नात हसून राहिली. हसू दे.
शिकवणीच्या क्लासचं काम घेतलंय तिनं. पहिलंच. काँप्युटरात पोरांचा एक तक्ता, पालकांचा एक, अन् दोन्हीत नातं जोडायचं. "आज्जी, एका पालकाची लेकरं कितीबी, पण लेकराला पालक एकच."
एकच का गं? तुला मी, तुझी आई, तुझा मामा. तिघांनाबी तू पुरून उरलीस.

१५ जून
पालकाचं नाव खोडलं तर लेकराचं काय? निशा म्हणे, "तेबी आपोआप जातं. तक्ता साफ राहतो."
साफ! भूकंपानंतर मदतीच्या यादीतून तुझ्या आजोबाचं नाव खोडलं, मयत म्हणून. संगं माझं अन् तुझ्या बापाचंबी गेलं. दोघं जित्ते, पत्र्याच्या शेडाशी उभे. लिहिणारा म्हणे, असं कुटुंबच न्हाई.
"ते वहीत होतं, आज्जी. हे वेगळंय."
असेल.

२ जुलै
क्लासात निशाचा तक्ता वापरायला सुरू झाला. सरांनी पेढे पाठवले. दोन खाल्ले. शंका तशीच.

९ जुलै
झालं. क्लासातल्या राधाचा बाप वारला. फीसाठी बापाच्या नावानं घरी फोन जाऊ नये म्हणून क्लासच्या ऑफिसातल्या माणसानं बापाचं नाव खोडलं. चांगल्या मनानं. संगं पोरगीबी गेली. परीक्षेच्या यादीत नाव न्हाई, दारातूनच परत. तिला वाटलं, बाप गेला म्हणून काढलं. पिशवी उचलून गावाला.
फोन, पत्ता तिच्याच नोंदीत. तेबी गेलं. रूमवरच्या पोरींना एवढंच ठाऊक, जळकोटची.
निशा जेवली नाही. मी टोमणा गिळला.

१० जुलै
तक्ता बदलला. आता पालक गेला तरी लेकरू राहील; एकाला चार पालकबी जोडता येतील. "आता बरोबर?"
बरोबर. पण पोरगी कुठाय?
सर म्हणतात, येईल आपली आपण. येते व्हय? मदतीच्या यादीतून नाव गेलं, तवा मी न्हवते गेले परत सांगायला. लाज वाटायची. शेजारणीनं ओढत नेलं तेव्हा कुठं नाव लागलं.

११ जुलै
आज शिंदेबाई लिहितात. निशा पहिल्या गाडीनं जळकोटला. पत्ता न्हाई. म्हटलं, स्टँडवर विचार, ताज्या दुःखाचं घर गाव दाखवतंच.
दुपारी फोन. "घर सापडलं. आई शेतात गेलीय. राधा आत हाय, कडी काढत नाही. म्हणते, यादीत न्हाई तर कशाला आलात?"
म्हटलं, चूक तक्त्याची होती हे दाराआडून सांग, अन् तिथंच बस उंबऱ्यावर. शेवटची गाडी गेली तर जाऊ दे.