यंदा काजूला मोहर कमी

आई, ती दुपार तुला आठवते का? स्वयंपाकघरात तू खाली बसून नारळ खवत होतीस आणि जनेलाच्या, आपल्या त्या खिडकीच्या, कठड्यावर बाबांनी बहारीनहून आणलेला टेपरेकॉर्डर होता. लाल आणि काळं अशी दोन बटणं एकदम दाबली की आवाज भरायला लागायचा. ती दाबायचं काम माझं, कारण तुझ्या बोटांना कायम काहीतरी लागलेलं असायचं. तुला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेणं तुला आवडत नव्हतं, म्हणून तू बाबांना कॅसेट पाठवायचीस. बाबांच्याच खोलीत राहणारे कोरगावचे एक गृहस्थ सुट्टी संपवून परत निघाले होते, संध्याकाळी ते कॅसेट न्यायला येणार होते. आपल्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधीचा हिवाळा तो. भाषेच्या भांडणात रस्त्यांवर झाडं आडवी घातलेली, बसगाड्या बंद, कॉन्व्हेंटलाही सुट्टी, आणि नववीतली मी मुळगावच्या घरी तुझ्यासमोर बसलेली.

कॅसेटवर तू जे बोलायचीस ते ऐकून कुणालाही वाटावं, या बाईकडे सांगण्यासारखं काहीच नाही. म्हैस व्याली, पोफळींना पाणी पुरतं, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. ते असं का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती कॅसेट बाबांच्या हाती पडायच्या आधी नेणारा ऐकणार, आणि तिथे पोचल्यावर खोलीतले दहाजण गोल बसून ऐकणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. इकडे बाहेरच्या खोलीत आजी ऐकत असायची ती वेगळीच. त्या दिवशीही तू म्हशीबद्दल बोललीस, मग त्याच आवाजात म्हणालीस, यंदा काजीक मोंवर कमी आयला. मी जनेलातून पाहिलं. परसातली काजूची झाडं मोहराने भरली होती, त्याचा वास चुलीच्या धुरातूनही येत होता. खोटं ऐकून मी तशीच बोलून गेले, "आई, फट कित्याक सांगता? मोंवर भरून आयला न्हय."

खोबऱ्याच्या हाताने तू बटण दाबलंस. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण तू आजीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोललीस. "सगळ्यांक सगळें खरें सांगूंक जाय अशें कोणें सांगलें तुका? सिस्टरीन?" मी हो म्हटलं. सिस्टरनेच सांगितलं होतं, विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावं, गप्प राहणं हेसुद्धा अर्धं खोटंच. तू म्हणालीस, "सिस्टरीक सांग, तुजो घोव दहा जाणांच्या कुडींत रावना, म्हणून तुका सोंपें." मला हसू आलं. तुलाही आलं असावं, पण तेवढ्यात तू माझा हात धरलास आणि चोळीवरून काखेखाली ठेवलास. लिंबाएवढी गाठ होती. मोहर भरपूर म्हणजे सगळं ठीक, मोहर कमी म्हणजे मला बरं नाही, लवकर या, असं तुमचं दोघांचं बाबा निघायच्या आदल्या दिवशी ठरलेलं होतं. टेप बंद होता म्हणून की भीती वाटत होती म्हणून, त्याच वेळी तू मला तुझं खरं नावही सांगितलंस. तुझ्या आधीची दोन भावंडं गेली होती, तिसरी तरी वाचावी म्हणून तुझं नाव मुद्दाम ओंगळ ठेवलेलं, मरणाने ऐकलं तरी त्याला नकोसं वाटावं असं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं, गोड नाव लिहिलं गेलं आणि जुनं तू माहेरी, इब्रामपूरला ठेवून आलीस. त्या नांवान माका वाचयली, म्हणालीस, कोणाक सांगूं नाका.

मागे जाऊन पुसून पुन्हा भरायला पाच मिनिटं लागली असती. पण बस नाहीत म्हणून कोरगावचे गृहस्थ खाणीच्या ट्रकमधून वेळेआधीच येऊन दारात उभे राहिले. ट्रक चालू, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तू पदराला हात पुसलास आणि कॅसेट त्यांच्या हातात दिलीस, माझ्या आवाजासकट.

पुन्हा कॅसेट न्यायला माणूस मिळेपर्यंत मोहराचे दिवस सरले होते. बाबा आले ते पुढच्या वर्षी, नेहमीच्या रजेवर. तेव्हा इस्पितळातही उशीर झाला असंच म्हणाले. त्यानंतरचा काजूचा मोहर तू पाहिला नाहीस. बाबा म्हातारपणी ती गोष्ट कौतुकाने सांगायचे, की मुलीने आईला कशी पकडली, सगळी खोली कशी हसली, आणि पोर सांगते भरपूर आहे म्हणजे भरपूरच असणार म्हणून ते कसे निर्धास्त झाले. मी त्यांच्यासमोर बसून हसत असे. गाठ तेव्हाच होती हे कधी सांगितलं नाही. तूही त्या दीड वर्षात एकदासुद्धा त्याबद्दल बोलली नाहीस.

ती कॅसेट बाबांच्या ट्रंकेतून परत आली. पुढे तिला बुरशी धरली, तेव्हा म्हापशाच्या एका दुकानातून मी तिच्यातला आवाज फाईलमध्ये उतरवून घेतला. बावीस मिनिटं. ती माझ्या मेलच्या खात्यात ठेवली आणि मूळ कॅसेटकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. मेल म्हणजे काय ते तुला कसं सांगू? कुलपाची पेटी समज, जिची किल्ली म्हणजे शब्द. किल्ली हरवली तर पेटी तुम्हाला काही प्रश्न विचारते. आईचं लग्नाआधीचं नाव काय, जन्मगाव कोणतं, पहिली शाळा कोणती. खातं उघडताना मी हा फॉर्म भरला तो कॉन्व्हेंटच्या मुलीसारखाच, सगळी उत्तरं खरी, अक्षर न् अक्षर. तुझं नाव लिहिताना तर मला समाधान वाटलं होतं. मी आणि इब्रामपूरची मामेबहीण सोडली तर ते कुणाला ठाऊक नाही, याहून भक्कम कुलूप कुठलं?

आणि मग ते मीच उघडं केलं. तुझ्या श्राद्धाच्या दिवशी गावच्या जुन्या आठवणींच्या फेसबुक पानावर मी तुझ्याविषयी लिहिलं. तुझा लग्नातला फोटो टाकला आणि ते नावही. इतकी वर्षं झाली, आता त्याची लाज कुणाला, असं वाटलं. लोकांना फार आवडलं, कितीतरी बायकांनी आपापल्या आयांची पुसलेली नावं खाली लिहिली. कुणीतरी गोड शब्दांत विचारलं, ताई, तुम्ही पहिलीला कुठल्या शाळेत होता? जन्म मुळगावचाच का? मी एकेकाला नीट, सविस्तर उत्तर दिलं.

तीनेक आठवड्यांनी मी भेंडी चिरत असताना मामेबहिणीचा फोन आला. "गो, आते माका मेसेज धाडता." तुझं नाव, तुझा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ओळखलंस का? मी तिला सांगितलं, उत्तर देऊ नकोस, बंद करून टाक. तुकाय आयला? तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी पेटी मला उघडेना. किल्ली चालेना म्हणून प्रश्न आला, आईचं लग्नाआधीचं नाव. मी लिहिलं. पडद्यावर आलं, उत्तर चुकीचं आहे. चष्मा पुसून पुन्हा लिहिलं. चुकीचं आहे. ज्याने पेटी घेतली त्याने उत्तरंही बदलली होती, हे आता कळतं. त्या क्षणी मात्र मी खुर्चीत बसून होते आणि एक यंत्र मला सांगत होतं की मी तुझी कुणी नाही. आत तुझी बावीस मिनिटं होती. तेवढी सोडली तर तुझा आवाज या जगात कुठेही नव्हता.

माझी सून कोल्हापूरची. इथल्या औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे. लग्नात नाव बदलायचं का म्हणून भटजींनी विचारलं तेव्हा तिने शांतपणे नको म्हटलं होतं, आणि मला ते मनातून आवडलं होतं. त्या दिवशी रजा टाकून ती माझ्याशेजारी बसली. मी भरलेली उत्तरं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "खरं कशाला लिहिलासा, आई? असं कुठं असतंय व्हय? त्यानं इचारलं आईचं नाव, तर आपण लिहायचं जांभळं मांजर. फक्त आपल्या ध्यानात राहिलं म्हंजे झालं." मी म्हटलं, अगं पण ते खोटं होईल. ती म्हणाली, "आई, ते यंत्र काय कुणी सिस्टर न्हवं."

तिने आधी तुझा आवाज शोधला. खातं मागाहून बघू म्हणाली. कपाटात साड्यांखाली माझा जुना फोन होता. दोन तास चार्ज केल्यावर तो कसाबसा उजळला, आणि त्यात ती फाईल उतरून पडलेली होती, मीच कधीतरी ऐकायला घेतलेली. दुसरं काही करायच्या आधी तिने ती आपल्या लॅपटॉपवर घेतली. नीट वाजते का म्हणून सुरू केली. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला, तू म्हशीचं सांगायला लागलीस, आणि मी तिला म्हटलं, पुरे, बंद कर. तिला वाटलं मला रडू येईल. पुढे काय आहे ते मला पाठ आहे, आई, म्हणून.

चोराने फोन नंबर बदलला तरी काही दिवस जुन्या नंबरावरून खातं परत मागता येतं, ते तिने मागितलं आणि पाचव्या दिवशी मिळालं. तुझ्या नावाचं ते खोटं खातंही आम्ही तक्रार करून बंद करवलं. या सगळ्यात ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत राहिली. नुसत्या उत्तरांनी दार उघडत नाही, फोनवर सहा आकडी कोड येतो, तो लागतोच, तो तुम्ही कुणाला दिलात का? मी नाही म्हटलं. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हटलं.

आता घरात नवी शिस्त आहे. प्रत्येक ठिकाणची किल्ली वेगळी आणि लांब, चार असंबद्ध शब्द जोडून केलेली, आणि ती एका वहीत, वही कपाटात. फोनमध्ये नाही. दुसरं कुलूप म्हणून कोड सगळीकडे लावलाय. तो बँकेचा साहेब म्हणून मागू दे, पोलीस म्हणून मागू दे, घरचं माणूस म्हणून मागू दे, द्यायचा नाही. फेसबुकवरचा जन्मदिवस काढला, तुझ्यावरचं लिखाणही काढलं. आणि हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात म्हणे, म्हणून आम्ही घरच्यांनी एक शब्द ठरवलाय. फोनवर कुणी रडत म्हणालं की मी संकटात आहे, तर आधी तो शब्द विचारायचा. सुनेने हे मला जपून, लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. मी ऐकून घेतलं. तुम्ही दोघांनी हे बहारीनच्या विमानाआधीच केलं होतं, हे तिला सांगावं असं फार वाटलं, पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी गेल्यावर काय कुणाला, ते ठरवून टाकलंय. मेलचं खातं सुनेकडे जाईल. आपल्यामागे ते कुणी उघडायचं हे आधी नोंदवता येतं, तिथे मी तिचं नाव घातलंय. वहीही तिलाच. तुझ्या आवाजाची एक प्रत तिच्याकडे आहे, दुसरी पेनड्राइव्हवर माझ्या शिवणाच्या डब्यात, ती मुलाला. बुरशीची कॅसेट मामेबहिणीला, ती वाजली नाही तरी तिच्या आतेची आहे. जुना फोन भंगारवाल्याला द्यायच्या आधी आतून पुसून घ्यावा, तसाच देऊ नये. तुझं जुनं नाव नातीला, ती पंधराची झाली की, तोंडी, कागदावर नाही. ते मी स्वतःच सांगेन म्हणते, तेवढी राहिले तर.

हे पत्र कुणालाच नाही. ते जाळून टाकणार आहे, कारण सुनेला जे तीनदा नाही म्हटलं ते इथे लिहिणार आहे. मला मेसेज आला होता, आई, मामेबहिणीला आला त्याच्या आदल्या दिवशी. ओळखलंस का? कशी आहेस? वाचल्याबरोबर कळलं की ही तू नव्हेस. तू कशी आहेस असं विचारलं नसतंस, जेवले का ते विचारलं असतंस, जेवलें मगे म्हणून. तरी मी त्याच मेसेजला उत्तर लिहिलं. आई, परसात मोहर भरून आला होता म्हणून मी बोलून गेले, मला ठाऊक नव्हतं. उत्तर आलं, काही हरकत नाही, तुला आता सहा आकडे येतील ते मला पाठव. मी ते पहिले तीन शब्द पुन्हा वाचले, काही हरकत नाही, आणि आकडे पाठवले.