भिंगातली बुरशी

मामाजी, तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी आली. बाहेरून पुसून जाईल अशी नाही. आतल्या काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेपासून मध्यापर्यंत पसरलेली. तुमची नात नागपूरहून सुटीवर आली होती. तिच्या ऑफिसातली पोरं म्हणे आता पुन्हा रोलवाले कॅमेरे घेऊन फिरतात. "आजोबांचा आहे ना आपल्याकडे? मी नेते," म्हणाली. मी मोठ्या अभिमानानं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून स्टीलचा डबा काढला. तुम्ही गेल्यावर मीच ठेवला होता. आधी चामड्याचं कव्हर, त्यावर तुमच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, बाजूला कापराच्या वड्या, आणि झाकण घट्ट. कापूर उडून गेला की नवा टाकायचा, एवढ्यापुरताच तो डबा उघडत होते. तिनं भिंग खिडकीकडे धरलं आणि डोळा लावून आत पाहिलं.

"आई, तू याच्यातून कधी पाह्यलंच नाही का?"

"पाहून काय करणार होती? खराब होते म्हणून तर ठेवलं."

"ठेवलं म्हणूनच झालं न मग."

तिला काही लागेल असं बोलायचं नव्हतं, पण दिवसभर ते माझ्या अंगात राहिलं. रोज सकाळी बुद्धवंदनेत फूल वाहताना मी म्हणते, हे फूल कोमेजतं तसं हे शरीरही जाणार आहे. इतकी वर्षं म्हणते आहे. कपाटाचा तो कप्पा मात्र मी त्यातून वगळून ठेवला होता.

मी सून होऊन राजुऱ्याला आले तेव्हा तुम्ही कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये होते. घरात दोनच वस्तू जपून ठेवलेल्या, विहारातून आणलेली मूर्ती आणि हा कॅमेरा. नामकरण असो, लग्न असो, बोलावलं तिथे तुम्ही जायचे आणि फोटोचे पैसे घ्यायचे नाही. मी मॅट्रिक झालेली, घरखर्चाची वही माझ्याकडे. एक दिवस मी हिशोब मांडत बसले होते, तुम्ही कॅमेरा घेऊन समोर आले आणि म्हणाले, "बाई, हे पण खर्चाचंच काम आहे. उजेड आपली मिळकत. हे भोक मोठं केलं का उजेड जास्त खर्च होते, मंग इकडे वेळ कमी करा लागते. एकीकडे वाढवलं तर दुसरीकडे काटछाट. तुले तर येतेच." मला खरंच तेव्हाच समजलं. तुमच्या मुलाला कधीच समजलं नाही, ते अजूनही फोनवर स्वतःच्या बोटाचा फोटो काढतात.

मग आपण माझ्या माहेरी गेलो होतो, गडचिरोलीकडे, मोहफुलं वेचायच्या दिवसांत. माझी आई वेचून आली होती, टोपली अजून काखेत होती. फोटो म्हटल्यावर तिनं तोंड धुतलं, नवं लुगडं नेसली आणि ओसरीत बसली. तुम्ही तिला थोडं उजेडाकडे सरकवता, मागे जाता, पुन्हा पुढे येता, भिंगाची कडी फिरवता. शेवटी आई म्हणाली, "व्याही, फोटो काढून राह्यले का जमिनीची मोजणी करून राह्यले?" सगळं अंगण हसलं. तुम्हीही हसले, आणि सगळ्यांच्या समोर कॅमेरा माझ्या हातात दिला. "आकडे तू लाव, बाई. ओसरी आहे, पाह्य किती लागते." डोक्यावरचा पदर सांभाळत मी वेळेचा आकडा सव्वाशेवर ठेवला आणि भोकाची कडी चारवर आणली. तुम्ही वाकून पाहिलं, काही बदललं नाही, आणि बटण दाबलं. माझ्या वडिलांनी तेवढ्यात मान ताठ करून इकडे तिकडे बघितलं, कोणी कोणी पाहिलं ते मोजल्यासारखं. आईचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे. तिच्या लुगड्याचा धागान् धागा दिसतो त्यात.

त्याच वर्षी पुढे पदराची गोष्ट झाली. तुमचे खाणीतले सोबती घरी आले होते. तुम्ही सांगितलं म्हणून मी कॅमेरा आणला. भिंगावर धूळ दिसली, आणि पोराचं तोंड पुसावं तसं मी पदराचं टोक धरून पुसायला लागले. तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणाले, "पदरानं पुसून राह्यली? ते काच आहे, पोराचं नाक नाई. इथल्या धुळीत कोळसा राह्यते, रेघा पडतात." पाहुणे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, मीही हसले असते, तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलले असते तर. मी चहा ठेवायला आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाही.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "बाई, हात लावू नको असं नाई म्हटलं मी. पदर लावू नको म्हटलं. हात तर लावतच जाय. मी नसलो तरी बाहेर काढत जाय, हवा दे, रोल नसला तरी बटण दाबत जाय. बंद राह्यली का वस्तू आतून बसते." मी "हो जी" म्हटलं. तांदळातून नजर वर केली नाही. तुम्ही माघारी वळले.

हे सगळं मला आता आठवतं आहे, मामाजी. इतकी वर्षं फक्त पदराचं तेवढं आठवत होतं.

चंद्रपूरला दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "काकू, चामड्यात आन् बंद डब्यात पावसाळ्याची ओल बसते. मशीन चालते अजून. काच साफ करतो, पण डाग राहीन." नातीनं रोल आणला. विहाराच्या अंगणात ती उभी राहिली, मी आकडे लावले. हाताला सगळं आठवत होतं, पण बटणावरचं बोट काही दबेना. "आई, दाब न. हसून हसून दात सुकले माझे." दाबलं एकदाचं. फोटो आला तो एका बाजूनं धुक्यात गेल्यासारखा. उजेड बरोबर मोजला गेला होता, चेहरा मात्र पुसट. तिला तसंच आवडतं म्हणे. मला नाही आवडत. माझी आई ज्या काचेतून तशी दिसली, त्या काचेतून आता कोणी तसं दिसणार नाही.

लोकांना मी सांगत आले की सासऱ्यांची आठवण म्हणून जपला. तुम्हाला सांगते, आठवण कमी होती, धाक जास्त होता. गेलेल्या माणसाचाही धाक राहतो.

रविवारी ती कॅमेरा घेऊन गेली. निघायच्या गडबडीत कपड्यांच्या बॅगेत ढकलत होती आणि माझ्या तोंडून निघालंच, "असा कोंबू नको, चिंधी आहे का तो?" तिचा हात थांबला. कॅमेरा बाहेर काढून तिनं मांडीवर ठेवला. मी जवळ गेले, म्हटलं, "बाई, ने. खूप वापर. पडला तरी चालेल." ती बॅगेची चेन लावता लावता "हो" म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. तेव्हापासून तिला फोन करून तेच पुन्हा सांगीन म्हणते. आज दुपारी फोन हातात घेतला, तो बाजूला ठेवला आणि तुम्हाला लिहीत बसले.