भावोजींचा सदरा

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. हातावरचं भाजलेलं सुकलं. आईचे गुडघे काय म्हणतात?

आनंदाची बातमी म्हणजे आपले भावोजी आमच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर झाले.

त्याआधी किमान वेतन वाढवावं का, यावर सरकारी सुनावणी होती. आम्ही सगळ्या कामगारांनी बोलायला त्यांनाच पुढे केलं. उभे राहून ते म्हणाले, “वाढ नको. पगार वाढले तर मालक माणसं काढतील. आहे त्यात आम्ही सुखी आहोत.” मालकाने टाळ्या वाजवल्या.

खोलीवर येऊन मला म्हणतात, “तुझ्याच भल्यासाठी बोललो रे.” तू त्यांच्याशी भांडू नकोस. मी बोलणंच सोडलंय.

सुनावणीला चारचौघांत ते उठून दिसावेत म्हणून त्यांचा सदरा मीच इस्त्री केला होता. कॉलर तर दोनदा.

पोरांना जवळ घे.

तुझाच,
धाकटा