कव्हर घालावं की नाही

आप्पा, लॅपटॉपच्या कीबोर्डवर कव्हर घालावं की नाही, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता, आणि मी विचारते आहे काय तर हे. लॅपटॉप म्हणजे माझं ऑफिसच समजा. नाचणीच्या भाकरीहून थोडा जाड, मिटला की पिशवीत मावतो, आणि तो चालू आहे तोवर मी बेंगळूरची नोकरी घरात बसून करते आणि आईजवळ राहते. मागच्या पावसाळ्यात एक ओल लागून बंद पडला. कंपनीने दुसरा दिला, पण साहेबांनी गोड आवाजात बजावलं की हाही गेला तर बेंगळूरला येऊनच बसावं लागेल. आईला आता नीट दिसत नाही, आणि ती हे घर सोडायला तयार नाही. म्हणजे आम्हा दोघींचं सगळं ह्या पातळ वस्तूवर येऊन टेकलं आहे.

आपल्याकडची हवा तुम्हाला काय सांगायची. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. कोरडी जागा एकच, चुलीजवळची, म्हणून मी तिथे चटई टाकून बसते. पण तिथे राख उडते. आईने फुंकणी उचलली की मी मीटिंगमध्ये असले तरी दोन्ही पंजे कीबोर्डवर पसरते. शेवटी रामनगरहून ते रबरासारखं कव्हर आणलं, तर दुकानदाराने विकता विकताच घाबरवलं. "अक्का, हे घालून मिटू नका, पातळ मशीन हाय, काचेवर दाब येतोय. आनि आतनं तापलं तर मला सांगू नका." मग नको का घालू, असं विचारलं तर म्हणाला, "न्हाई घातलं तर राख जातीया की." तेव्हापासून दिवसभर माझं तेच चाललं आहे. घालते, काढते, पुसते, पुन्हा घालते. काम कमी आणि काळजी जास्त.

अशा वेळी तुमची बियाण्याची मुडी आठवते. मळणी झाली की तुम्ही भाताचं बी पेंढ्यात घालायचात, दोर फिरवायचात आणि गुडघा रोवून मुडी गच्च आवळायचात. ती माळ्यावर धुराला राहायची आणि बी कधी वाया जायचं नाही. एका वर्षी मात्र कौलं गळत होती म्हणून तुम्ही काळजीने तिच्यावर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक गुंडाळलंत. तरव्याच्या रोपांसाठी बी पेरायच्या दिवशी तुम्ही मुडी सोडता आहात, आतून उबट वास येतो आहे, आणि तुम्ही मूठभर काळपट दाणे हातात घेऊन नुसते उभे आहात. "वरचं पानी नको म्हणून झाकलं, तर आतच घाम सुटला बघ," एवढंच म्हणालात आणि शेजारच्या घरी बी मागायला गेलात. तुम्ही परत येईपर्यंत आई दारातून हलली नाही. तुमच्यासारखा माणूस काळजी घ्यायला गेला आणि चुकला, तिथे माझा काय पाड. कुठली काळजी पुरेशी आणि कुठली जास्त, हे मला अजून कळत नाही.

आज दुपारी मी गोठ्यात गेले होते. परत येऊन बघते तर आईने चाचपून कव्हर घातलेलं, लॅपटॉप मिटलेला, आणि मांजर बसू नये म्हणून वर पाट ठेवलेला. "झाकून ठेवलंय गं, भिऊ नगंस," म्हणाली. मी पाट उचलला, लॅपटॉप उघडला. पडदा काळा. बटण दाबलं, तरी काळाच. आई माझ्या आवाजाची वाट बघत बसली होती. हे मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे आणि लिहून झालं की पुसून टाकणार आहे, म्हणून सांगते. त्या काळ्या पडद्यासमोर बसून मी मनाने बेंगळूरच्या खोलीत कोरड्या कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि आईला कोणाकडे ठेवायचं हेसुद्धा मनात ठरवून मोकळी झाले होते. थोड्या वेळाने पडदा उजळला. चालू झाला, असं मी म्हटल्यावर आईने हात जोडले. आणि तो चालू झाला म्हणून मला वाईट वाटलं, आप्पा.