‘अर्जंट’चा वाक्यात उपयोग

सातारा,
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

चि. सुमंत यास बाबांचे आशीर्वाद. सौ. श्रद्धालाही आशीर्वाद, आणि ओवीच्या गालाचा माझ्या वतीने एक पापा घे.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. पाऊस आता दमला आहे. सकाळी ढग अजिंक्यताऱ्यावर टेकतो आणि दहाच्या सुमाराला उठून निघतो, पेन्शनर माणसासारखा. सांगलीत तुमच्याकडे उकाडा सुरू झाला असेल. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. गणपतीत तू विसर्जनाआधीच निघून गेलास, तेव्हापासून आपण फोनवर आकाशवाणीच्या हवामानवृत्तासारखे बोलतो. “पाऊस?” “आहे.” “आई?” “बरी आहे.” संपलं. शिवाय मी फोन लावला की आई शेजारी येऊन उभी राहते. “तास चालू असताना कुणाशी बोलतोयस?” पत्राचं तसं नाही. तिला वाटतं, मी निबंध लिहितोय. आत्ताही समोरच्या खुर्चीत बसली आहे, लाल पेन हातात घेऊन.

हे तुला सांगितलं नव्हतं. आईला मी आता तिचा नवरा वाटत नाही. रहिमतपूरच्या शाळेत तिनं इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं ना, तिथला कुणी विद्यार्थी वाटतो. नाव हरी, हे बरोबर सांगते. पण इयत्ता आठवी. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला थोडा आनंदच झाला. मला शाळा किती आवडायची ते तू लहानपणी ऐकून ऐकून कंटाळला होतास. कवितेच्या तासाला सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला की खिडकीबाहेरची चिंचसुद्धा पानं हलवायची थांबते, असं मला वाटायचं. म्हातारपणी पुन्हा बाकावर बसायला मिळालं, आणि तेही हिच्या वर्गात! अशी भाग्याची गोष्ट कुणाच्या वाट्याला येते?

पण तिच्या वर्गात कविता नाही. एकच शब्द आहे. जेवणं झाली की टेबल स्वतः पुसते, पदर खोचते आणि म्हणते, “अर्जंट. वाक्यात उपयोग कर.”

मी म्हटलं, “द मून इज अर्जंट.”

“चंद्राला कसली घाई? रोज येतो की तो. दुसरं.”

“जाईची कळी अर्जंट आहे, बाई. उमलायला.”

“कान धर.”

धरला. राहीबाई भांडी घासत होती, ती हसून हसून ओट्याला टेकली. “काका, आवं तुमी नापास हुनार बगा अवंदा.” आई तिच्यावरही डाफरली, “मागच्या बाकावर हसू नये.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जे थांबवून चालत नाही, ते अर्जंट. तू सारखा स्वप्नात असतोस रे. तुला कधी कळणार?”

हे वाक्य तिनं लग्नानंतरही कितीदा तरी ऐकवलंय. सूरसुद्धा तोच. म्हणून क्षणभर वाटलं, ओळखलं मला. तसं नव्हतं.

सुमंत, आता मुद्द्यावर येतो. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हेही तुला माहीत आहे.

मागच्या सोमवारी ती घरातून निघून गेली. मी अंगणात जाईला आळं करत होतो. आत येतो तर दार सताड उघडं. गल्ली पालथी घातली. देवळात नाही, वाण्याकडे नाही. लोकांना हाक मारून काय सांगायचं तेच सुचेना. राहीबाईचा नवरा जोतिबा स्टँडावर रिक्षा लावतो. त्यानं तिला रहिमतपूरच्या गाडीत पाहिलं. गाडी सुटायच्या बेतात होती. जोतिबा सांगत होता, “काका, बाईंनी समद्या यस्टीची हजेरी घेतली. कंडक्टर बी ‘हजर’ म्हनाला. उतराय तयार न्हाईत. शेवटी मी म्हनलं, बाई, घंटा झाली, शाळा सुटली. तवा उतरल्या.” सांगताना तो हसत होता, पण रिक्षाचं भाडं काही केल्या घेईना.

आणि बुधवारी न्हाणीघरात तिचा तोल गेला. तिला सावरताना मीही पडलो. तिला काही लागलं नाही. माझं मनगट सुजलं आहे, अक्षराचं कारण ते. मला उठता येईना, आणि तिला उठवणारा मीच खाली पडलेला. राहीबाई येईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. आई मला धीर देत होती. म्हणाली, “रडू नकोस, घरी कळवते मी.”

राहीबाईनं मनगटाला पट्टी बांधली आणि मला चांगलं फैलावर घेतलं. “लेकाला फोन करा की. का त्यो बी बाईंच्या तासाला बसाय भितोय?” मी म्हटलं, तो नोकरीत असतो. “मग तुमी काय नोकरीत न्हाई व्हय? चोवीस तासाची हाय तुमची.”

गणपतीत तू म्हणालास की तुम्हाला एकट्याला झेपत नाही, मिरज रोडला अशा आजारी माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा आहे, आईला तिथं ठेवू. मी म्हणालो, तुला आई अडगळ झाली. ते शब्द मी मागे घेतो. ती जागा मला अजूनही नको आहे. हिच्याशिवाय मी या घरात दुपार कशी काढणार, ते मला दिसतच नाही. पण तू म्हणशील तर येऊन बघतो. नाही म्हणणार नाही. माझ्यात आता नाही म्हणण्याइतकीही ताकद उरलेली नाही.

हे असं रडगाणं मी एरवी लिहिलं नसतं. आज तासाला तिनं पुन्हा तोच शब्द दिला. मला चंद्र सुचला नाही, फूल सुचलं नाही. म्हटलं, “माय वाइफ इज इल. द मॅटर इज अर्जंट.”

तिनं कागदावर बरोबरची खूण केली. “शाब्बास,” म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“तिच्या मुलांना कळवलंस?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“हरी, हे तुला एकट्याला जमणार नाही. उद्या येताना पालकांना घेऊन ये. त्याशिवाय वर्गात बसायचं नाही.”

सुमंत, माझे आईवडील जाऊन किती काळ लोटला! आता या वयात मी कुणाला घेऊन जाऊ?

तेव्हा तू ये. दारात तिला आई म्हणू नकोस, ती घाबरते, बाई म्हण. ती माझ्याबद्दल तक्रार करेल की लक्ष नसतं, खिडकीबाहेर बघत असतो. ऐकून घे. मग विचारेल, “तुम्ही या मुलाचे कोण?” काय सांगायचं ते येताना गाडीत ठरव.

मी दाराशी उभा असेन.

तुझा,
हरी, इयत्ता आठवी